मुंबईच्या गोदीतील सागवानी युद्धनौका



बेळगाव-निपाणीच्या माणसाला समुद्र परका नाही आणि जवळचाही नाही. आंबोलीचा घाट उतरून वेंगुर्ल्याचे बंदर गाठायचे आणि तेथून माल गलबतांवर चढवायचा, हा आमच्या भागातील व्यापाराचा जुना रिवाज. बैलगाड्यांचे तांडे ज्या वाटेने गेले, त्या वाटेची आठवण आता थोड्याच घरांत उरली आहे. परंतु सागवान म्हणजे काय, हे मात्र आमच्याकडे कोणाला शिकवावे लागत नाही. जुन्या वाड्याचे खांब, माजघराचा उंबरठा, देवळाचा सभामंडप आणि चर्चची वेदी, सर्वत्र तेच लाकूड. घाटावरचा मनुष्य जहाजाविषयी बोलू लागला तर त्याने लाकडापासूनच आरंभ करावा, हे उचित. म्हणून आज मी ज्या युद्धनौकेची हकिगत सांगणार आहे, ती मुख्यतः तिच्या लाकडाची हकिगत आहे, असे समजावे.

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर हार्टलपूल नावाचे एक गाव आहे. तेथील जुन्या गोदीत तीन डोलकाठ्यांची एक काळी-पांढरी युद्धनौका उभी आहे. ब्रिटनमध्ये आज पाण्यावर तरंगत असलेल्या युद्धनौकांत तीच सर्वांत जुनी. तिचे नाव त्रिंकोमाली. नाव श्रीलंकेतील बंदराचे. तमिळ लोक त्यालाच तिरुकोणमलै म्हणतात. जहाज इंग्रजांचे, आराखडा मुळात फ्रेंचांचा, लाकूड मलबारचे आणि सुतार मुंबईचे. इतक्या देशांचा हात ज्या वस्तूला लागला, ती कोणाची म्हणावी, हा प्रश्न मी आपल्यावरच सोपवतो.

इंग्रजांसारख्या दर्यावर्दी राष्ट्राला आपली लढाऊ जहाजे हजारो मैलांवरच्या मुंबईत बांधून घ्यावीशी का वाटली? कारण साधे होते. त्यांच्याकडचा ओक संपत चालला होता. ७४ तोफांचे एक मोठे जहाज बांधायला दोन-तीन हजार ओक तोडावे लागत, आणि ओकचे झाड वाढायला शंभर-दीडशे वर्षे लागतात. नेपोलियनशी चाललेल्या दीर्घ युद्धात जहाजे झपाट्याने खर्ची पडत होती. डोलकाठ्यांचे लाकूड, डांबर आणि ताग बाल्टिक समुद्रातून येई, आणि त्या समुद्राच्या दाराशी डेन्मार्क बसलेला. त्या दाराच्या भीतीनेच इंग्रजांनी प्रथम १८०१ साली आणि पुन्हा १८०७ साली कोपनहेगनवर स्वारी केली. दुसऱ्या वेळी तर शहरावर तोफा डागून डेन्मार्कचे सारे आरमार ते ओढून घेऊन गेले. तटस्थ राहू पाहणाऱ्या राष्ट्राशी असे वागणे कोणत्या न्यायात बसते, ते इंग्रजांनाच ठाऊक. डेन्मार्कशी मराठी माणसाचाही एक धागा आहे, तो येथे जाता जाता सांगतो. विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण १८०५ साली ज्या श्रीरामपुरात छापले गेले, ते बंगालमधील गाव त्या वेळी डेन्मार्कच्या निशाणाखाली होते. असो.

ओक मिळेना, तेव्हा इंग्रजांची दृष्टी सागवानाकडे वळली. सागवानात तेल असते. त्यामुळे ते पाण्यात सहजासहजी कुजत नाही आणि वाळवी व समुद्रातील किडे यांना बराच काळ दाद देत नाही. आणखी एक गुण सुतार लोक सांगतात. ओकच्या अंगात जे आम्ल असते, ते लोखंडी खिळ्याला खाऊन टाकते. सागवानाचे तेल उलट खिळ्याला राखते. लाकूड आणि खिळा यांचे असे सख्य जमले, की जहाजाचे आयुष्य दुप्पट-तिप्पट होते.

मुंबईत हे काम जाणणारे घराणे होतेच. लवजी नसरवानजी वाडिया हे १७३६ साली सुरतेहून कंपनीच्या बोलावण्यावरून मुंबईस आले. वाडिया हा शब्दच मुळी जहाज बांधणाऱ्याचा. त्यांनी मुंबईची गोदी नावारूपाला आणली, आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या मुख्य बांधकामकर्त्याची जागा त्यांच्याच घरात राहिली. लवजींचे नातू जमशेटजी बमनजी हे ह्या सर्वांत नामांकित. १८१० साली त्यांनी ७४ तोफांची मिंडेन बांधून दिली, तेव्हा इंग्लंडच्या नौदलखात्याची खात्री पटली. १८१३ सालची कॉर्नवॉलिसही त्यांचीच. तिच्याच फलाटावर १८४२ साली चीनने नानकिंगच्या तहावर सही केली आणि हाँगकाँग गमावले. जमशेटजींचे पुत्र नवरोजी यांनी बांधलेली एशिया ही १८२७ साली नव्हारिनोच्या लढाईत सेनापतीची नौका होती. त्या लढाईने ग्रीसच्या स्वातंत्र्याचा मार्ग मोकळा झाला. एका बाजूला चीनचे पारतंत्र्य, दुसऱ्या बाजूला ग्रीसचे स्वातंत्र्य, आणि दोन्हींच्या खाली मुंबईचे सागवान! लाकडाला पक्ष नसतो, हेच खरे.

त्रिंकोमाली बांधण्याचा हुकूम १८१२ च्या ऑक्टोबरात निघाला. आराखडे जावा नावाच्या युद्धनौकेवरून मुंबईकडे रवाना झाले. परंतु त्याच सुमारास इंग्लंड आणि अमेरिका यांच्यात युद्ध जुंपले होते. २९ डिसेंबर १८१२ रोजी ब्राझीलच्या किनाऱ्यापुढे अमेरिकेच्या कॉन्स्टिट्यूशन ह्या जहाजाने जावाला गाठले आणि तिचा चक्काचूर केला. आराखडेही गेले. दुसरी प्रत पाठवावी लागली, ती पुढच्या वर्षी मुंबईस पोचली, आणि मग गोदी रिकामी होण्याची वाट पाहण्यात आणखी काळ गेला. कॉन्स्टिट्यूशन हे जहाज आजही बॉस्टनच्या बंदरात तरंगते आहे. ज्याने आराखडे बुडविले ते जहाज, आणि त्याच आराखड्यांवरून अखेर बांधले गेलेले जहाज, दोन्ही दोनशे वर्षांनंतर समुद्राच्या दोन तीरांवर शाबूत आहेत. इतिहासाला विनोदबुद्धी नाही, असे कोण म्हणेल?

त्या बुडालेल्या जावावर एक उतारूही होता. टॉमस हिस्लॉप नावाचा हा सरदार मुंबईच्या सेनापतिपदावर रुजू होण्यासाठी निघाला होता. तो अमेरिकनांच्या हाती सापडला आणि शपथेवर सुटला. पुढे त्याला मद्रासचे सेनापतिपद मिळाले, आणि २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरच्या रणांगणावर होळकरांच्या फौजेचा ज्याने पराभव केला, तो हाच हिस्लॉप. मराठ्यांच्या इतिहासात ज्याचे नाव आपण केवळ शत्रू म्हणून वाचतो, तो मनुष्य पाच वर्षांपूर्वी अटलांटिकमध्ये एका फुटक्या जहाजावर कैदी होऊन उभा होता.

बांधणीला १८१६ साली आरंभ झाला. पारशी रिवाजाप्रमाणे जहाजाच्या तळाच्या मुख्य तुळईत एक चांदीचा खिळा ठोकण्यात आला. कोळी नवी होडी पाण्यात लोटताना नारळ वाढवतो, आमच्यातला पाद्री तिच्यावर पवित्र जल शिंपडतो, आणि पारशी चांदीचा खिळा ठोकतो. समुद्रापुढे मनुष्य सर्वत्र सारखाच नम्र होतो. जहाजाच्या तोफांच्या फलाटाची लांबी सुमारे १५० फूट, रुंदी जवळजवळ ४० फूट, आणि तोफा ३८. खर्च सुमारे २३ हजार पौंड आला. १२ ऑक्टोबर १८१७ रोजी ती पाण्यात लोटली गेली.

ही तारीख आपण नीट लक्षात घ्यावी. त्यानंतर अवघ्या चोविसाव्या दिवशी, ५ नोव्हेंबरला, खडकीची लढाई झाली. मुंबईच्या गोदीत जहाज सजविले जात होते आणि घाटापलीकडे पेशवाईचा शेवट सुरू झाला होता. १८१८ च्या एप्रिलात टॉमस मन्रो याने तीन आठवड्यांच्या वेढ्यानंतर आमचा बेळगावचा किल्ला घेतला. शाळेत मुलांना किल्ला दाखवायला नेतो, तेव्हा खंदकापाशी उभे राहून ही तारीख सांगण्याचा माझा प्रघात आहे. परंतु ज्या वेळी हा किल्ला पडला, त्या वेळी मुंबईच्या बंदरात एक नवी कोरी सागवानी युद्धनौका उभी होती, ही गोष्ट पाठ्यपुस्तकात कोठेच जोडलेली नसते. मुलांच्या मनात घाटावरचा इतिहास एका कप्प्यात आणि समुद्रावरचा दुसऱ्या कप्प्यात पडून राहतो.

वास्तविक हे दोन कप्पे मराठ्यांनीच एके काळी एक केले होते. शिवाजी महाराजांनी आरमार उभे केले, कान्होजी आंग्र्यांनी ते वाढविले, आणि गुराबा, गलबते कोकणच्याच खाड्यांत, कोकणच्याच सुतारांनी बांधली. १७५६ च्या फेब्रुवारीत इंग्रजांनी विजयदुर्गापाशी तुळाजी आंग्र्यांचे आरमार जाळले, आणि ह्या कामी खुद्द पेशवे इंग्रजांचे मित्र होते. पुढे आनंदराव धुळपांनी पेशव्यांचे आरमार चालविले हे खरे. परंतु आंग्र्यांचा दरारा पुन्हा आला नाही. तुळाजीवर पेशव्यांचा राग सकारण होता, हे मान्य करूनही असे म्हणावे लागते, की परक्याच्या हातून घरातले जहाज जाळून घेणे हा फार महागाचा सौदा ठरला. साठ वर्षांनंतर त्याच किनाऱ्यावर जहाजे बांधली जात होती. फक्त त्यांच्यावरचे निशाण बदलले होते.

त्रिंकोमालीचे पुढचे आयुष्य मोठे विलक्षण आहे. १८१८ साली ती इंग्लंडकडे निघाली. वाटेत जानेवारी १८१९ मध्ये सेंट हेलेना बेटावर थांबली. तेथे नेपोलियन कैदेत होता. त्याच्यावर उपचार केलेला स्टोको नावाचा शल्यवैद्य वरिष्ठांच्या गैरमर्जीत सापडला होता. तो ह्याच जहाजाने परतला. १८१९ साली जहाज पोर्ट्‌समथला पोचले. परंतु तोवर ज्याच्याशी लढायचे तो नेपोलियनच कैदेत पडलेला, युद्ध संपलेले. नव्या जहाजाला काम उरले नव्हते. डोलकाठ्या उतरवून, वर छप्पर घालून ते बाजूला ठेवले गेले आणि तब्बल पंचवीस वर्षे तसेच राहिले. ओकचे जहाज इतकी वर्षे उभे राहिले असते तर आतून पोखरून गेले असते. सागवान थांबले.

१८४५ साली त्याची आठवण झाली. तोफा कमी करून २६ केल्या गेल्या, पिछाडी बदलली गेली, आणि १८४७ ते १८५० ह्या काळात त्रिंकोमाली उत्तर अमेरिका व वेस्ट इंडीजच्या समुद्रात गस्तीला राहिली. मग १८५२ ते १८५७ पॅसिफिक महासागरात. तेथे आर्क्टिककडे गेलेल्या शोधपथकांना रसद पोचविण्याचे कामही तिने केले. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील बेटांमधून जाणाऱ्या एका सामुद्रधुनीला अद्याप तिचेच नाव आहे. दोनशे वर्षांहून मोठ्या आयुष्यात नौदलातील खरीखुरी समुद्रसेवा आठ-नऊ वर्षांची, आणि मोठी लढाई नावावर एकही नाही. कित्येकांना हे उणे वाटेल. मला वाटत नाही. ज्या जहाजांनी मोठ्या लढाया मारल्या, त्यांतली बहुतेक आज समुद्राच्या तळाशी आहेत किंवा भंगारात गेली.

भंगाराची पाळी हिच्यावरही आलीच होती. पुढे शिकाऊ खलाशांसाठी ती वापरली गेली, त्यात १८६२ पासून काही वर्षे हार्टलपूललाच होती. आणि १८९७ साली भंगारवाल्याला विकली गेली. तेव्हा एक योगायोग घडला. व्हीटली कॉब नावाच्या एका धनिकाने नेल्सनची फूद्रोयाँ ही जुनी नौका विकत घेऊन किनाऱ्याकिनाऱ्याने लोकांना दाखविण्यास नेली होती. ब्लॅकपूलजवळ त्याच वर्षी ती वादळात सापडून फुटली. तिच्या जागी त्याने त्रिंकोमाली घेतली आणि तिलाच फूद्रोयाँ हे नाव दिले. ह्या उसन्या नावाखाली मुंबईच्या जहाजाने १९८६ पर्यंत इंग्लंडच्या मुलामुलींना नाविकविद्या शिकविली. १९८७ साली तिला हार्टलपूलला आणले, १९९० पासून दुरुस्ती चालली, १९९२ मध्ये मूळ नाव परत मिळाले, आणि २००१ साली काम पुरे झाले. दुरुस्तीनंतरही मूळचे निम्म्याहून अधिक लाकूड तिच्या अंगावर आहे.

पोर्ट्‌समथला ती उभी असताना तिच्या शेजारी इंप्लॅकेबल नावाचे दुसरे जहाज होते, ट्रॅफल्गरच्या लढाईत फ्रेंचांच्या बाजूने लढलेले आणि नंतर इंग्रजांनी पकडलेले. ते ओकचे. त्याची डागडुजी सरकारला परवडेना, म्हणून १९४९ साली समुद्रात नेऊन सुरुंगाने बुडविले. दोन जहाजे शेजारी शेजारी. पैकी थोरले बुडाले आणि सागवानी धाकटे राहिले. ह्यात दैवाचा भाग नाही, असे मी म्हणत नाही. पण लाकडाचा भाग मोठा आहे.

आता त्या लाकडाची दुसरी बाजू. सागवान काही गोदीच्या आवारात उगवत नव्हते. ते मुख्यतः मलबारच्या जंगलातून येई. हिरवा साग पाण्यावर तरंगत नाही. म्हणून खोडाभोवती सालीचा व वरच्या लाकडाचा पट्टा काढून झाड उभ्याउभ्याच वाळवावे लागते. दोन-तीन वर्षांनी ते तोडायचे, हत्तींकडून नदीपर्यंत ओढायचे आणि प्रवाहात सोडून किनाऱ्यास आणायचे. १८०६ साली कंपनीने कॅप्टन वॉटसन नावाच्या पोलीस अधिकाऱ्याला ह्या जंगलांचा रक्षक नेमले. पदाचे नाव रक्षक; काम मात्र गोदीला लाकूड पुरविण्याचे. सागावर कंपनीची मक्तेदारी बसली. ज्यांची ती झाडे होती त्या जमीनमालकांना आणि शेतकऱ्यांना स्वतःच्या झाडाला हात लावण्याची चोरी झाली. तक्रारी वाढत गेल्या आणि १८२३ साली ते पद मोडण्यात आले. मोडणारा गव्हर्नर कोण? तर मद्रासचा सर टॉमस मन्रो. ज्याने पाच वर्षांपूर्वी बेळगावचा किल्ला घेतला होता, तोच. किल्ला घेणारा म्हणून आम्ही त्याला ओळखतो. शेतकऱ्याचे गाऱ्हाणे ऐकणारा म्हणूनही ओळखायला हरकत नसावी.

हातांचीही एक बाजू आहे. जमशेटजींची एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. एका जहाजाच्या तळाच्या तुळईवर त्यांनी गुपचूप कोरून ठेवले, की हे जहाज एका काळ्या माणसाने बांधले आहे. आणि पुष्कळ वर्षांनी डागडुजीच्या वेळी ती अक्षरे उजेडात आली, असे सांगतात. गोष्ट खरी असो वा रचलेली, तिच्यातली कळ खरी आहे. जमशेटजींचे नाव तरी राहिले. ज्या शेकडो सुतारांनी, लोहारांनी, फळ्यांच्या सांध्यांत काथ्या-कापूस ठोकणाऱ्या गड्यांनी हे जहाज उभे केले, त्यांतल्या एकाचेही नाव आपल्या मुलांना सांगता येत नाही. जमशेटजी १८२१ साली वारले. पुढे लोखंडी आगबोटींचा काळ आला आणि मुंबईच्या गोदीतले ते मोठ्या लाकडी जहाजांचे कसब एकदोन पिढ्यांत मावळले.

डेन्मार्कची गोष्ट अर्धी सांगून मी पुढे आलो होतो. १८०७ साली आरमार गमावल्यावर तेथील राजाने नव्या जहाजांसाठी ओकची लागवड करविली. डेन्मार्कची शेवटची मोठी लाकडी युद्धनौका जिलँड १८६० साली पाण्यात उतरली. १८६४ च्या हेल्गोलँडच्या लढाईत ती लढली आणि आज एबेल्टॉफ्ट गावी जपून ठेवलेली आहे. पण तोवर लावलेले ओक अजून कोवळे होते. ते तयार झाले दोनशे वर्षांनी, तेव्हा लाकडी आरमार जगात कोठेच उरले नव्हते.

आपल्याकडे लावण्याची बुद्धी तोडण्यानंतर झाली. मलबारचा कलेक्टर कॉनोली याने १८४० च्या दशकात निलंबूरला साग लावण्यास आरंभ केला. सागाचे बी लवकर रुजत नाही. प्रारंभीची रोपे उगवेनात, तेव्हा चातू मेनन नावाच्या स्थानिक कर्मचाऱ्याच्या खटपटीने ते जमले. जगातली सागाची सर्वांत जुनी लागवड म्हणून ती ओळखली जाते. तिचा एक लहानसा तुकडा नदीकाठी राखून ठेवला आहे; त्यातली उंच, सरळ झाडे पाहायला लोक जातात. त्रिंकोमाली मुंबईच्या पाण्यात उतरली, तेव्हा ह्या झाडांचे बी अजून पडायचे होते.